शिबपूरचा वड आणि न्यग्रोध मृग

(हीरक महोत्सवी व्याख्यानाचा मजकूर)



हावडा हे नाव मराठी माणसाला प्रथम भेटते ते रेल्वेच्या डब्यावरील पाटीवर. मनमाड, भुसावळ, अकोला, वर्धा, नागपूर या स्थानकांवर ज्याचे बालपण गेले, त्याला हावडा कोठे आहे हे ठाऊक होण्याच्या आधीच हावडा मेल किती वाजता येते हे ठाऊक असते. पुढे कधीतरी तो त्या गाडीत बसतो, हावड्याला उतरतो आणि इतर सर्वांप्रमाणे पूल ओलांडून कोलकात्यात शिरतो. हावड्यात म्हणून कोणी थांबत नाही. स्थानकातून बाहेर पडून पुलाकडे पाठ फिरवावी, हुगळीच्या पश्चिम तीराने दक्षिणेकडे शिबपूरला जावे, असे फार थोड्यांना सुचते.

त्या शिबपूरला 1787 साली रॉबर्ट किड या कंपनी सरकारच्या अधिकाऱ्याने वनस्पतींची एक बाग उभी केली. आज ती आचार्य जगदीशचंद्र बोस यांच्या नावाने ओळखली जाते. बागेत एक वड आहे. त्याचे वय अडीचशे वर्षांहून अधिक मानले जाते, आणि त्याच्या पारंब्यांची संख्या साडेतीन हजारांच्या वर आहे. दुरून पाहणाऱ्याला ते झाड न वाटता एक लहानसे अरण्य वाटते. 1864 आणि 1867 साली आलेल्या चक्रीवादळांनी या वडाला जबर तडाखे दिले, त्याच्या मूळ खोडाला बुरशीने ग्रासले, आणि 1925 साली ते खोड कापून काढावे लागले. तेव्हापासून हे झाड मध्यावर मोकळे आहे. ज्या बुंध्यापासून सर्व विस्तार झाला तो बुंधा नाही, आणि विस्तार मात्र चालू आहे. 2020 च्या ‘अम्फान’ वादळातही त्याची हानी झाली. तरी ते उभे आहे.

वडाला संस्कृतात ‘न्यग्रोध’ म्हणतात. खाली वाढत जाणारा, असा त्याचा अर्थ. पालीत त्याचे ‘निग्रोध’ झाले. जातककथांत या नावाचा एक हरिणांचा राजा आहे, आणि त्याच्या कथेवर 1957 साली भारत सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनने मुंबईत एक छोटा ॲनिमेशनपट काढला. त्याचे नाव ‘द बनियन डिअर’, म्हणजे वटमृग. आज त्याची आठवण फारशी कोणाला नाही. परीकथेच्या चित्रपटांची गोष्ट निघाली की आपल्या घरांतही ‘हिमगौरी’चे आणि ‘बँबी’चे नाव निघते, वटमृगाचे निघत नाही. या तिन्ही चित्रपटांवर एका माणसाच्या हाताचा ठसा आहे, आणि तिन्ही कथांत एक शिकारी आहे. आजचे बोलणे त्या शिकाऱ्यासंबंधी आहे.

आरंभ हिमगौरीपासून करणे सोयीचे. ग्रिम बंधूंनी ही कथा 1812 साली छापली. वॉल्ट डिस्नेने तिच्यावर पूर्ण लांबीचा चित्रपट काढावयाचे ठरविले, तेव्हा हॉलिवूडमधील जाणत्या मंडळींनी त्या खटाटोपाला ‘डिस्नेचा वेडेपणा’ असे नाव दिले होते. त्यांचे फारसे चुकत नव्हते. तोवर हलत्या चित्रांचा खेळ म्हणजे मुख्य चित्रपटाआधी दाखवावयाची सात-आठ मिनिटांची गंमत असे. काढलेल्या चित्रातील राजकन्येसाठी प्रेक्षक दीड तास खुर्चीत बसेल, तिच्यासाठी डोळ्यांतून पाणी काढील, यावर कोणाचा विश्वास बसणार? शिवाय हिशेब भयंकर होता. पडद्यावर सेकंदाला 24 चौकटी सरकतात. 83 मिनिटांच्या चित्रपटाला सुमारे 1 लाख 20 हजार चौकटी लागतात. एकच चित्र दोन-दोन चौकटी वापरून काम निम्मे केले, तरी एका पात्रामागे एका मिनिटाला 720 चित्रे उरतात. आणि येथे तर सात बुटके एकाच वेळी नाचणार होते. प्रत्येक चित्र कागदावर काढावयाचे, मग पारदर्शक सेल्युलॉइडवर शाईने उतरवावयाचे, पाठीमागून रंगवावयाचे, पार्श्वभूमीवर ठेवून त्याचे छायाचित्र घ्यावयाचे, आणि पुन्हा पुढचे चित्र ठेवावयाचे. सुमारे 15 लाख डॉलर खर्च झाला. 21 डिसेंबर 1937 रोजी लॉस एंजेलिसमध्ये चित्रपट प्रथम दाखविला गेला आणि वेडेपणा म्हणणारी मंडळी गप्प झाली. पुढे ऑस्करच्या समारंभात डिस्नेला एक मोठी आणि सात चिमुकल्या बाहुल्या देण्यात आल्या. दहा वर्षांच्या बालतारका शर्ली टेंपलच्या हस्ते, हे त्या प्रसंगाला साजेसेच होते.

या चित्रपटातील शिकारी आठवा. राणी त्याला आज्ञा करते, की हिमगौरीला रानात नेऊन मार आणि खूण म्हणून तिचे काळीज आण. त्याचा हात उठत नाही. तो मुलीला पळून जावयास सांगतो. सगळी मुले या ठिकाणी सुटकेचा श्वास टाकतात. परंतु राणीला पेटीतून काळीज तर हवे असते. चित्रपटात ते डुकराचे निघते. ग्रिम बंधूंच्या मूळ कथेत एक रानडुकराचे पिल्लू नेमके त्या वेळी धावत येते, आणि शिकारी त्याला मारून त्याचे काळीज-फुप्फुस घेऊन जातो. राजकन्या वाचली ती त्या पिल्लाच्या जीवावर. कथा त्याच्याकडे पुन्हा वळून पाहत नाही. वर्गातील एखादा चौकस मुलगा ‘मग त्या पिल्लाचे काय?’ असे विचारतो, आणि त्याला बहुधा गप्प बसविले जाते.

‘बँबी’ 1942 साली आला. फेलिक्स साल्टेन या ऑस्ट्रियन लेखकाची 1923 मधील कादंबरी त्याच्या मुळाशी आहे. डिस्नेच्या चित्रकारांपुढे या वेळी वेगळीच अडचण होती. हरणाचे पाय काडीसारखे, सांधे माणसाच्या उलट दिशेला वळल्यासारखे दिसणारे, चेहऱ्याच्या दोन बाजूंना डोळे; त्याला हसविणे-रडविणे कठीण. म्हणून स्टुडिओत खरी पाडसे आणून ठेवली, चित्रकारांना प्राण्यांच्या शरीररचनेचे वर्ग लावले. रानाची पार्श्वभूमी टायरस वाँग या चीनमध्ये जन्मलेल्या चित्रकाराच्या कल्पनेतून आली. त्याने पान न् पान रेखाटण्याऐवजी चिनी निसर्गचित्रांच्या परंपरेप्रमाणे धुके आणि अवकाश यांनी रान सुचविले. त्या रानात बर्फाच्या दिवसांत बँबीची आई मारली जाते. गोळीचा आवाज ऐकू येतो, आई दिसत नाही. मारणाराही दिसत नाही. संपूर्ण चित्रपटात माणूस एकदाही पडद्यावर येत नाही. ‘माणूस रानात आला आहे’ एवढेच प्राणी एकमेकांना सांगतात.

किती विलक्षण योजना ही! आणि किती निराशही. हिमगौरीच्या शिकाऱ्याला निदान दया येते. बँबीच्या शिकाऱ्याला चेहराच नाही, तेव्हा त्याच्यापुढे गाऱ्हाणे मांडावे कसे? पळणे एवढाच मार्ग उरतो.

या दोन्ही चित्रपटांवर आणि पुढे ‘पीटर पॅन’वर काम केलेल्या चित्रकारांपैकी क्लेअर वीक्स हा एक. अमेरिकेच्या तांत्रिक सहकार्य योजनेखाली 1956 साली तो मुंबईस आला. फिल्म्स डिव्हिजनमध्ये कार्टून चित्रपटांचा विभाग नव्याने उभा राहत होता आणि तेथील तरुणांना ही कला पद्धतशीर शिकविणे हे त्याचे काम होते. या तरुणांत जी. के. गोखले होते, राम मोहन होते. तेव्हा ॲनिमेशन शिकविणारी शाळा देशात कोठेही नव्हती. हातात पेन्सिल असलेली आणि चित्र हलावे अशी इच्छा असलेली ही मुले; गुरू साता समुद्रांपलीकडून आलेला. पहिला सराव म्हणून जी कथा निवडली ती मात्र येथलीच होती, आणि तीही हरणाची.

हिमगौरी आणि बँबी घडविणाऱ्या परंपरेतील माणूस एका तिसऱ्या शिकाऱ्यापर्यंत येऊन पोहोचला तो असा.

कथा वाराणसीची आहे. ब्रह्मदत्त राजाला मांसावाचून जेवण जात नसे. तो रोज शिकारीस निघे आणि त्याच्या हाकाऱ्यांसाठी प्रजेला हातातली कामे टाकून यावे लागे. शेवटी लोकांनीच उपाय काढला. त्यांनी रानातील हरणांचे कळप हाकलून राजाच्या उपवनात कोंडले, दार लावले आणि राजाला सांगितले की आता आम्हांला आमची शेती करू द्या. उपवनात दोन कळप आले. एकाचा राजा न्यग्रोध, दुसऱ्याचा शाख. दोघेही सोनेरी कांतीचे. राजाने त्या दोघांना अभय दिले. उरलेल्यांपैकी रोज एखाद्याला राजा किंवा त्याचा आचारी बाणाने टिपत असे. पण बाण सुटला की सगळा कळप जीव घेऊन पळे. एक मरे आणि दहा जायबंदी होत. तेव्हा दोन्ही मृगराजांनी विचार करून पाळी लावली. एक दिवस या कळपातील, दुसऱ्या दिवशी त्या कळपातील एकाने आपण होऊन जावे आणि वधाच्या ठोकळ्यावर मान ठेवावी. निदान बाकीचे जखमी तरी होणार नाहीत.

ही व्यवस्था क्रूर आहे, पण अन्यायाची म्हणता येणार नाही. कोंडलेल्यांनी स्वतःपुरता काढलेला तो शहाणपणाचा तोडगा आहे. कथा आता त्या शहाणपणालाच धक्का देते.

एके दिवशी शाखाच्या कळपातील एका गाभण हरिणीवर पाळी आली. ती शाखाकडे गेली आणि म्हणाली, की मी बाळंत होईपर्यंत माझी पाळी पुढे ढकल, मग आम्ही दोघे आपापल्या पाळीने जाऊ. शाखाने नकार दिला. तुझी पाळी मी दुसऱ्याच्या डोक्यावर कशी घालू? शाखाला खलपुरुष ठरविण्याची घाई करू नये. तो नियमाप्रमाणेच बोलत होता, आणि त्याच्या प्रश्नाला उत्तर नव्हते. हरिणी मग न्यग्रोधाकडे गेली. न्यग्रोधानेही नियम मोडला नाही, दुसऱ्या कोणाला पुढे केले नाही. तू जा, एवढेच तो तिला म्हणाला, आणि स्वतः जाऊन ठोकळ्यावर मान ठेवून पडून राहिला.

आचारी आला. अभय दिलेला सोनेरी मृग तेथे पाहून त्याचा हात थबकला. तो राजाकडे धावला, राजा रथातून आला आणि त्याने विचारले, तुला तर अभय होते, तू येथे कसा? या प्रश्नाबरोबर कथा वळते, कारण शिकारी हरणाशी बोलू लागला आहे. न्यग्रोधाने घडले ते सांगितले. राजाने त्याला आणि हरिणीला अभय दिले. येथे दुसरी कोणतीही कथा संपली असती. न्यग्रोध उठला नाही. या दोघांना अभय मिळाले, बाकीच्यांचे काय? राजाने उपवनातील सर्व हरणांना अभय दिले. आणि उपवनाबाहेरची हरणे? त्यांनाही दिले. इतर चतुष्पाद? पक्षी? पाण्यातील मासे? एकेक करून राजा देत गेला. सगळ्यांचे अभय पदरात पडल्यावर मगच तो मृग ठोकळ्यावरून उठला. ‘मग त्या पिल्लाचे काय?’ हा आपल्या वर्गातील चौकस मुलाचा प्रश्न येथे कथेचा नायकच विचारतो, आणि उत्तर मिळेपर्यंत मान खाली ठेवतो.

चित्रपटासाठी पात्रांची घडण अजिंठ्याच्या भित्तिचित्रांवरून बेतली होती. ही निवड योग्यच होती. जातकांचे सर्वांत सुंदर रंगरूप महाराष्ट्राच्या डोंगरातच आहे. तरीही एक गोष्ट मोकळेपणाने म्हटली पाहिजे. अजिंठ्याची रेषा संथ आहे, ती एका मुद्रेवर येऊन विसावते. डिस्नेच्या शाळेतील हालचाल चेंडूसारखी आहे. आकार दबतो, ताणला जातो, उसळतो. अजिंठ्याच्या रेषेला ती चाल शिकवणे म्हणजे कथकली करणाऱ्याला लेझीम खेळावयास लावणे. ही जोडी पहिल्याच प्रयत्नात पूर्णपणे जुळणे शक्य नव्हते, आणि ती जुळली असा दावा कोणी करू नये. परंतु प्रश्न बरोबर विचारला गेला होता: यंत्र आणि तंत्र बाहेरून घेतले, तर आपल्या चित्राने चालावे कसे?

या प्रश्नाचे एक जुने उत्तर हावड्याहून नदीपलीकडे आहे. कोलकात्याच्या इंडियन म्यूझियममध्ये, ज्याला तेथले लोक जादूघर म्हणतात, भारहुतच्या स्तूपाचा दगडी कठडा ठेवला आहे. मध्य भारतातील हे अवशेष अलेक्झांडर कनिंगहॅमला 1873 साली सापडले. ते इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातील आहेत. त्या कठड्यावरील एका गोल शिल्पात मृगजातक कोरले आहे. ही कथा न्यग्रोधाची नव्हे, रुरू नावाच्या दुसऱ्या सोनेरी मृगाची. त्याने बुडत्या माणसाला वाचविले आणि त्याच माणसाने बक्षिसाच्या लोभाने राजाला त्याचा ठावठिकाणा सांगितला. शिल्पकाराने एकाच वर्तुळात खाली नदीतून माणसाला पाठीवर घेऊन येणारा मृग दाखविला, एका बाजूस धनुष्य ताणलेला राजा दाखविला, आणि मध्यभागी मृगासमोर हात जोडून उभा असलेला तोच राजा दाखविला. एकाच मृगाची पुनःपुन्हा येणारी आकृती, एकाच राजाच्या दोन अवस्था, आणि मध्ये चौकट नाही. पाहणाऱ्याची नजर फिरते आणि कथा पुढे सरकते. दोन हजार वर्षांपूर्वीच्या या कारागिराला सेकंदाला 24 चौकटी लागल्या नाहीत. शाळेची सहल कधी कोलकात्यास गेलीच, तर मुलांना त्या शिल्पापुढे दहा मिनिटे स्वस्थ उभे करावे. धनुष्य ताणणारा आणि हात जोडणारा एकच आहे, हे त्यांचे त्यांना दिसेल.

वीक्स येण्यापूर्वी भारतात चित्रे हललीच नव्हती असे कोणी समजू नये. दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी वाटाण्याच्या रोपाची वाढ चित्रित केली होती आणि 1915 साली ‘आगकाड्यांची मौज’मध्ये काड्यापेटीतल्या काड्या नाचविल्या होत्या. 1934 साली कोलकात्याच्या न्यू थिएटर्सने ‘द पी ब्रदर्स’ नावाचा लहानसा कार्टूनपट काढला. पुन्हा वाटाणेच, हा योगायोग मजेचा आहे. त्याच वर्षी पुण्यात प्रभात फिल्म कंपनीने ‘जंबूकाका’ काढला. पण हे सर्व एकेकट्याचे उद्योग होते. हौस होती, चिकाटी होती. मागून येणाऱ्याला हात धरून शिकविण्याची सोय नव्हती.

परदेशी यंत्राची आणि देशी गोष्टीची ही ओढाताण बंगालने फार लवकर ओळखली होती. 1907 साली दक्षिणारंजन मित्र मजुमदार यांनी बंगाली आज्यांच्या तोंडच्या कथा ‘ठाकुरमार झुली’ या नावाने, म्हणजे आजीची झोळी म्हणून, प्रसिद्ध केल्या. प्रस्तावना रवींद्रनाथांची होती. स्वदेशीचे दिवस होते ते. आजीच्या झोळीइतकी स्वदेशी वस्तू दुसरी कोणती, पण आता तीही मँचेस्टरच्या गिरणीतून तयार होऊन येऊ लागली आहे, अशा आशयाची खंत त्यांनी तीत व्यक्त केली. झोळी कापडाचीच असते. मँचेस्टरचा टोमणा म्हणून अचूक लागला.

बंगाली आजीच्या त्या झोळीत मराठी माणसासाठी एक वेगळीच वस्तू आहे, आणि हावड्यात राहिलेल्या मराठी कुटुंबांना ती केव्हातरी सापडतेच. कोणी रेल्वेच्या नोकरीसाठी तेथे गेलेले असतात. विटा, खानापूर, आटपाडीकडील कोरडवाहू गावांतून सोन्याचांदीच्या गलाईसाठी देशभर पांगलेली घरे कोलकात्यातही आहेत. शेजारची बंगाली आजी नातवाला झोपविताना अंगाई म्हणते. तिच्यात मूल झोपल्यावर देशात बारगीर आल्याचे सांगितले आहे. पाखरांनी धान खाऊन टाकले, आता सारा कशाने भरावा, अशी काळजी आहे. हे बारगीर म्हणजे नागपूरकर रघूजी भोसल्यांचे घोडेस्वार. 1740 च्या दशकात भास्करपंत कोल्हटकरांच्या आणि पुढे इतरांच्या हाताखाली ते वर्षामागून वर्षे बंगालवर चालून गेले. हुगळीचा पश्चिम तीर त्यांच्या घोड्यांच्या टापांखाली होता. पूर्व तीरावरील कोलकात्याने भीतीपोटी 1742 साली खंदक खणावयास घेतला. त्याचे नाव ‘मराठा डिच’. नागपूरची गाडी ज्या तीराला येऊन थांबते तोच हा पश्चिम तीर.

महाराष्ट्रात या स्वाऱ्या पराक्रमाच्या प्रकरणात शिकविल्या जातात. बंगालच्या पाळण्यात त्या ‘माणूस रानात आला आहे’ अशा आवाजात येतात. चेहरा नसलेला शिकारी पडद्यावर पाहताना मूल हरणाच्या बाजूला असते. तोच शिकारी कोणाच्या तरी अंगाईत आपल्या पूर्वजांचा चेहरा घेऊन उभा आहे, हे कळल्यावर काय करावे? याचे उत्तर इतिहासाच्या पुस्तकात सापडत नाही. भारहुतच्या वर्तुळात कदाचित त्याची खूण आहे. मराठी कुटुंबांनी मात्र ते आपल्या परीने काढले आहे. त्यांची मुले ती अंगाई ऐकतच मोठी झाली आणि शेजारच्या घरी पिठे-पुली खाऊन आली.

फिल्म्स डिव्हिजनच्या त्या वर्गाचे पुढे काय झाले, हे थोडक्यात सांगण्यासारखे आहे. वीक्स काम संपवून परत गेला. गोखल्यांनी तेथेच राहून चित्रपट केले. ‘होमो सॅप्स’ हा त्यांचा 1967 सालचा. राम मोहन 1960 च्या दशकाअखेर बाहेर पडले आणि त्यांनी पुढे स्वतःची संस्था काढली. सत्यजित राय यांच्या ‘शतरंज के खिलाडी’मध्ये लॉर्ड डलहौसी एकामागून एक चेरी गट्ट करतो, आणि प्रत्येक चेरी म्हणजे खालसा झालेले एक राज्य असते, नागपूर आणि सातारा त्यांत आहेत. तो भाग राम मोहन यांचा. जपानी सहकाऱ्यांबरोबर केलेले ‘रामायण’ हे त्यांचे मोठे काम. 2019 साली ते निवर्तले.

आणि एक चित्रपट असा, की आज येथे बसलेल्या चाळिशीपुढच्या प्रत्येकाने तो पाहिला आहे, नाव मात्र आठवणार नाही. दूरदर्शनच्या काळ्या-पांढऱ्या पडद्यावर एक ताई धाकट्या भावाला ‘एक’ आणि ‘अनेक’ यांचा अर्थ सांगते; पारध्याच्या जाळ्यात सापडलेल्या चिमण्या एकदम उडतात आणि जाळे घेऊन जातात; मग उंदीर ते कुरतडतात. ‘एक अनेक और एकता’ हा तो चित्रपट, 1974 सालचा. तो केला विजया मुळे यांनी. सत्यजित राय ज्याचे पहिले अध्यक्ष होते त्या फिल्म सोसायट्यांच्या महासंघाच्या उभारणीत या मराठी विदुषीचा वाटा होता. चित्रे भीमसेन यांची. तेही फिल्म्स डिव्हिजनच्या त्याच कार्टून विभागात घडले होते. संगीत वसंत देसाई यांचे. कथा पंचतंत्रातल्या चित्रग्रीव कबुतराची. येथेही शिकारी आहे, आणि येथेही हरणे-पाखरे त्याच्याशी बोलत नाहीत. पण ती एकेकटी पळतही नाहीत.

मराठी घरातील मुले आज ज्या परीकथा पाहतात त्या बहुतेक भाषांतरित आवाजात पाहतात. त्यात काही बिघडले असे नाही. ‘बँबी’ ज्याने पाहिला नाही त्याचे बालपण थोडे उणेच राहिले. पालकांना एवढेच सांगावयाचे, की चित्रपट संपल्यावर दूरचित्रवाणी बंद करून त्याच रात्री न्यग्रोधाची गोष्ट सांगून पाहावी. पडदा लागत नाही, पंधरा मिनिटे लागतात. मुलांना ती पटकन कळते. फक्त सांगणाऱ्यांपैकी बहुतेक जण सर्व प्राण्यांना अभय मिळाले की थांबतात, आणि जातककथा तेथे थांबत नाही.

अभय मिळालेली हरणे निर्धास्त झाली आणि शेतांत शिरून उभे पीक खाऊ लागली. शेतकऱ्यांना त्यांना मारता येईना, हाकलताही येईना, कारण राजाचा शब्द गेलेला. ते राजवाड्याच्या अंगणात जमले. राजा म्हणाला, राज्य गेले तरी चालेल, दिलेला शब्द जाणार नाही, तुम्ही जा. हे न्यग्रोधाच्या कानी गेले. त्याने कळप बोलाविला आणि आजपासून दुसऱ्याच्या शेतातील पीक खावयाचे नाही असे बजावले. मग त्याने माणसांकडे निरोप पाठविला, की कुंपण घालण्याच्या खटपटीत पडू नका, शेताच्या कडेने पानांच्या जुड्या बांधून आपली हद्द तेवढी दाखवा. शेतकऱ्यांनी पाने बांधली. वाऱ्यावर हलणाऱ्या त्या जुड्या दिसल्या की हरणे बांधावरून मागे फिरत.